गुडघ्याला तेल आणि पोटरीचा विसर

साठीपुढील रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो, तो बहुधा गुडघ्यावर हात ठेवूनच बोलू लागतो. त्याच्या हातामागोमाग आपलीही दृष्टी गुडघ्याकडे जाते. शोथ आहे का, स्पर्श उष्ण आहे का, आकुंचन-प्रसारणाच्या वेळी आवाज येतो का, हे आपण पाहतो, क्ष-किरण चित्र प्रकाशाकडे धरतो आणि संधिगत वाताचे निदान करून एखादा गुग्गुळकल्प, क्वाथ व तेल लिहून देतो. हे सर्व होईतो रुग्ण खुर्चीवर बसलेला किंवा टेबलावर निजलेला असतो. तो उभा कसा राहतो, हे पाहण्याची आपल्याला गरजच वाटत नाही. वास्तविक ज्या सांध्यासाठी तो आपल्याकडे आला, त्या सांध्याचे मुख्य काम उभ्या देहाचा भार वाहणे हेच आहे.

ही टीका मी प्रथम स्वतःवर करतो. काही वर्षांपूर्वी ६८ वर्षांच्या एक आजी माझ्याकडे दोन वर्षे उपचार घेत होत्या. जानुबस्ती झाले, योगराज गुग्गुळ झाला, रात्री झोपताना पादाभ्यंगही सांगितला. वेदना निम्म्याहून कमी झाल्या, म्हणून त्या समाधानी होत्या आणि मीही होतो. एका पावसाळ्यात त्या रात्री लघुशंकेसाठी उठल्या, मोरीच्या उंबऱ्यापाशी पाय सरकला आणि मांडीच्या हाडाची मान मोडली. शस्त्रक्रिया यथासांग झाली. परंतु त्यानंतर त्या घराबाहेर एकट्या पडल्या नाहीत. भेटीला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने अगदी साधेपणाने विचारले, “डॉक्टर, तळपायाला तेल लावलेलंच होतं, त्यानं तर नसेल ना घसरलं?” मला उत्तर देता आले नाही. तळपायाला तेल लावण्यास मीच सांगितले होते. ते पुसून मग जमिनीवर पाय ठेवावा, हे मी सांगितले नव्हते. आणि या बाई डोळे मिटून दोन क्षणही स्थिर उभ्या राहू शकतात का, हे दोन वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात. अनवधानाने होणाऱ्या इजांमुळे जे मृत्यू होतात, त्यांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. गुडघेदुखीने कोणी मरत नाही. पडल्याने मात्र मरतात, किंवा जिवंत राहून अंथरुणाला खिळतात. तरीही आपल्या रुग्णपत्रिकेत वेदनेसाठी रकाना आहे, पडण्यासाठी नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. मनुष्य उभा राहतो म्हणजे नेमके काय होते? (येथे एक खुलासा हवा. व्यवहारातील मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मसल, तर संहितेतील ‘स्नायु’ निराळा. म्हणून या लेखात मी सर्वत्र ‘पेशी’ हाच शब्द योजला आहे.) आपला समज असा असतो की उभे राहणे ही विश्रांतीची अवस्था आहे आणि चालणे हे कर्म आहे. तसे नाही. सरळ उभ्या माणसाच्या देहाची गुरुत्वरेषा घोट्याच्या सांध्याच्या काहीशी पुढून जाते. याचा अर्थ असा की घोट्यावर तोललेला आपला देह सतत पुढे कलू पाहत असतो आणि कोणीतरी त्याला मागून धरून ठेवावे लागते. हे काम पोटरी करते, आणि त्यातही विशेषेकरून खोल थरातील सोलियस ही पेशी. नडगीच्या पुढच्या अंगाची पेशी या काळात बहुतांशी स्वस्थ असते. देह मागे कलला तरच ती जागी होते. मांडीच्या पुढील मोठ्या पेशीलाही, गुडघा पूर्ण सरळ असेल तर, फारसे काम पडत नाही, कारण गुरुत्वरेषा गुडघ्याच्याही किंचित पुढून जाते आणि गुडघा मागील बंधांच्या आधारे आपोआप अडकून राहतो. सोलियसला मात्र सुटी नाही. तिचे बहुसंख्य तंतू सावकाश आकुंचन पावणारे आणि न थकणारे आहेत, ते याच कामासाठी.

पोटरी देहाला धरते म्हणजे दोरखंडासारखी ताणून धरते, अशी समजूत पूर्वी शास्त्रज्ञांमध्येही होती. पोटरी आणि टाचेमागची कंडरा मिळून एक स्प्रिंग आहे आणि तिच्या ताठरपणावरच देह तोलला जातो, असे मत १९९८ च्या सुमारास मांडले गेले होते. पुढे इंग्लंडमधील लोरम, मॅगनारिस आणि लेकी या संशोधकांनी उभ्या माणसाच्या पोटरीवर अल्ट्रासाऊंडचा शोधक ठेवून आतील पेशींची हालचाल प्रत्यक्ष पाहिली. २००४ व २००५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष अनपेक्षित होते. देह पुढे कलला की पोटरीची पेशी ताणली जाऊन लांब व्हायला हवी, परंतु बहुतेक वेळा ती उलट आखडत होती. कारण टाचेची कंडरा इतकी लवचीक आहे की केवळ तिच्या बळावर देह तोलला जाऊ शकत नाही. पेशीला सेकंदाला दोन-तीन वेळा लहान लहान हिसके देत तो पुन्हा पुन्हा सावरावा लागतो. लहान मूल तळहातावर काठी उभी धरते तेव्हा त्याचा हात जसा सतत हलत असतो, तसेच हे आहे. आपण स्थिर उभे आहोत असे वाटते, तेव्हाही पोटरी अखंड राबत असते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पोटरी ही केवळ कर्म करणारी नाही, ती वार्ता देणारीही आहे. पेशींच्या पोटात ताण मोजणाऱ्या सूक्ष्म रचना असतात आणि त्या मज्जासंस्थेला क्षणोक्षणी कळवत असतात की घोटा किती वाकला, देह कोठे कलला. डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाच्या टाचेमागील कंडरेवर कंपन देणारे उपकरण धरले, तर तो मागे झुकतो. कंपनामुळे पोटरी ताणली गेल्याची खोटी वार्ता वर जाते, ‘मी पुढे पडतो आहे’ असा मेंदूचा ग्रह होतो आणि तो देहाला मागे ओढतो. म्हणून पोटरी क्षीण झाली म्हणजे फक्त बल गेले असे नव्हे, दिशेची जाणीवही मंदावली.

हा भाग मी इतका विस्ताराने का लिहिला, तर आपल्या गुडघ्याच्या रुग्णात हे सर्व गणित बिघडलेले असते. ज्याचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, त्याची गुरुत्वरेषा गुडघ्याच्या मागे जाते. गुडघा अडकून राहण्याची सोय संपते. मांडीच्या पुढील पेशीला, जी निरोगी माणसात उभे असताना आराम करते, आता अखंड काम करावे लागते. आणि वेदनेमुळे नेमकी हीच पेशी पुरेशी आकुंचन पावत नाही. ‘चालताना तेवढे नाही, पण रांगेत उभे राहवत नाही,’ असे सांगणारे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते खरे सांगत असतात. आपण मात्र ते उत्तर क्ष-किरण चित्रात शोधतो.

आपल्या संहितांत याविषयी काय आहे? येथे मला एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. नवा शोध लागला की ‘हे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याची आपल्याला सवय जडली आहे. सुश्रुताचार्यांनी अल्ट्रासाऊंड पाहिला नव्हता आणि तसा दावा केल्याने त्यांची थोरवी वाढत नाही. परंतु जे आहे ते तरी आपण वाचावे. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात ५०० पेशी सांगितल्या आहेत, त्यांपैकी ४०० शाखांमध्ये. एका सक्थीत १०० आणि त्यांची वाटणीही दिली आहे. जानूत केवळ ५, आणि गुल्फ व जानू यांच्यामध्ये २०. सिरा, स्नायु, अस्थी आणि संधी यांना बळ येते ते पेशींनी वेढल्यामुळे, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे संधीचे बल संधीत नाही, त्याच्या भोवतालच्या मांसात आहे. मांसक्षयाची लक्षणे सांगताना सुश्रुतांनी स्फिक् व ऊरू यांच्याबरोबर पिंडिकेच्या शुष्कतेचा स्पष्ट उल्लेख केला आहे. जंघेच्या मध्यभागी इंद्रबस्ती हे मर्म आहे आणि ते मांसमर्म आहे, संधिमर्म नव्हे. परीक्षेसाठी हे सर्व आपण पाठ केले होते. रुग्णाची पोटरी हाताने चाचपून ती मऊ पडली आहे की घट्ट आहे, हे पाहणारे आपल्यापैकी किती?

वाग्भटांनी वाताची स्थाने सांगताना पक्वाशय, कटी, सक्थी, श्रोत्र, अस्थी आणि स्पर्शनेंद्रिय अशी गणना केली आहे. देह तोलण्यासाठी आवश्यक असलेली पायांच्या पेशींची व तळव्याच्या स्पर्शाची वार्ता आणि अंतःकर्णातील तोलाचे यंत्र यांची स्थाने या एकाच यादीत यावीत, हा योगायोग असेल. पण वृद्धावस्थेत वात वाढतो तेव्हा तोल का जातो याचा विचार करणाऱ्या वैद्याला ही यादी निश्चित उपयोगी पडते. गुडघा, पोटरी, तळवा, कान असा क्रम लावून तपासले तर काही सुटत नाही. डोळे मात्र वेगळे तपासावे लागतात.

आता आक्षेपांकडे येतो. एका परिसंवादात मी हा विचार मांडला, तेव्हा एका ज्येष्ठ वैद्यांनी उभे राहून विचारले की वाग्भटांनी वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, मग तुम्ही वृद्ध वातरोग्याला व्यायाम कसा सांगता? प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी माझे उत्तर समाधानकारक नव्हते. आज मी असे म्हणेन. तेथील व्यायाम म्हणजे आयास उत्पन्न करणारे, बलवान व स्निग्धभोजी माणसाने अर्ध्या शक्तीपर्यंत करावयाचे कर्म. चरकांनी व्यायामाची व्याख्या करताना देहाचे स्थैर्य आणि बल हेच त्याचे प्रयोजन ठेवले आहे. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्यायाम योजताना ज्या गोष्टींचा विचार करावा असे सांगितले, त्यांत पहिलीच गोष्ट वय आहे. वृद्धाला काहीच देऊ नये असे असते, तर वय पाहण्याचे प्रयोजन काय? त्याच अध्यायात व्यायामाने मांस स्थिर होते व जरा एकाएकी आक्रमण करीत नाही असेही सांगितले आहे, आणि देहाला अति पीडा न देणाऱ्या चंक्रमणाला आयु, बल, मेधा व अग्नी वाढवणारे म्हटले आहे. निषेध आहे तो अतिमात्रेचा. मात्रा ठरवणे हे तर आपले कामच आहे.

अतिवृद्धालाही मात्रा सोसते याचा पुरावा आज उपलब्ध आहे. बोस्टन येथे एका शुश्रूषागृहातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या १० व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या पेशींचा वजनासह व्यायाम देण्यात आला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचे पेशीबल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले होते. संख्या अल्प आहे, हे मान्य. परंतु २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेत १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक व्यक्ती आहेत, आणि तिचा निष्कर्ष असा की व्यायामाने वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते. त्यात तोल सावरण्याचे व नित्य हालचालींचे व्यायाम विशेष उपयोगी ठरले. आपल्या कोणत्याही गुग्गुळकल्पाच्या पाठीशी पडणे टाळण्याबाबत एवढा आधार नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण हे खरे आहे.

उलट आपण काय करतो? संधिवाताचा रुग्ण आला की पथ्याचा छापील कागद देतो. मांडी घालून बसू नये, उकिडवे बसू नये, जिना चढू नये, कमोड वापरावा. वेदना तीव्र असताना हे योग्यच आहे. परंतु खाली बसणे-उठणे आणि जिना चढणे हाच आपल्या आजी-आजोबांचा व्यायाम होता. तो आपण काढून घेतला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही. दोन वर्षांत गुडघा थोडा बरा आणि पोटरी वाळलेली, असा रुग्ण आपणच तयार करतो. वाग्भटांच्या दिनचर्येत अभ्यंगाच्या पाठोपाठ व्यायाम येतो. आपण अभ्यंग ठेवला, कारण तेलाची बाटली विकता येते. पुढचे पान उलटलेच नाही.

उभे करून तपासण्यास तीन मिनिटे लागतात. रुग्णाला पादत्राणे काढून, पावले जुळवून उभे करावे आणि आपण शेजारी हात तयार ठेवून उभे राहावे. प्रथम डोळे उघडे, मग मिटलेले. डोळे मिटताच जो डोलू लागतो, त्याच्या पायांकडून येणारी वार्ता अपुरी आहे, हे एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य रोम्बर्ग यांचे निरीक्षण आजही तितकेच उपयुक्त आहे. प्रमेही रुग्णात तळव्याची सुप्तता आणि निव्वळ शाकाहारी रुग्णात बी-१२ ची न्यूनता येथे आठवावी. मग ओट्याला किंवा टेबलाला हात लावून दोन्ही टाचा उचलण्यास सांगावे, जमल्यास एकेक. हात न टेकता खुर्चीतून उठता येते का ते पाहावे. शेवटी रक्तदाब बसून आणि उभ्याने असा दोनदा मोजावा, कारण रक्तदाबाच्या, झोपेच्या व प्रोस्टेटच्या आधुनिक औषधांमुळे उठताच अंधारी येणारे रुग्ण आपल्याकडे ‘वाताने चक्कर’ म्हणून येत असतात. तोल अचानक गेला असेल, एका अंगाचे बल कमी असेल किंवा वाणी जड झाली असेल, तर तेल व काढा बाजूला ठेवून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात धाडावे.

चिकित्सापत्रावर औषधाइतक्याच स्पष्टपणे व्यायाम लिहावा, मात्रेसह आणि काळासह. ‘थोडे चालत जा’ या वाक्याला मी चिकित्सा मानत नाही. माझी सध्याची पद्धत अशी आहे. ओट्याला धरून टाचा सावकाश उचलणे व त्याहून सावकाश टेकवणे, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. आठवडाभराने तेच गुडघे किंचित वाकवून, कारण त्या स्थितीत भार सोलियसवर अधिक येतो. खुर्चीतून उठणे-बसणे पाच वेळा. ओट्याजवळच एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून दहा अंक मोजेपर्यंत उभे राहणे, घरातील कोणी जवळ असतानाच. तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबणे, बलार्धाचे सुश्रुतोक्त लक्षण तेच आहे. बल्य औषधे, माष, दूध, मांसरस यांची योजना अग्नी पाहून जरूर करावी. पण पोटरीवर भार न घालता केवळ अश्वगंधेने ती भरेल, ही आशा व्यर्थ आहे.

औषधालयचालक बंधूंनाही काही सांगावयाचे आहे, कारण अनेक रुग्ण वैद्याकडे न येता थेट त्यांच्याकडे जातात. नी-कॅप आणि महानारायण तेल मागणाऱ्या वृद्धाला ‘गेल्या वर्षात कधी पडलात का?’ एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर होकारार्थी असेल तर वैद्याकडे पाठवावे. तेलाची विक्री याने कमी होणार नाही. काठी विकताना ती उभ्या माणसाच्या मनगटाच्या घडीपर्यंत येते का ते पाहावे, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरण्यास सांगावे. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. चरकांनी दंडधारणाचा पहिला गुण अडखळणाऱ्याला आधार हाच सांगितला आहे. पण टोकाचे रबर झिजलेली काठी ओल्या फरशीवर आधार देत नाही, घात करते. ते रबर काही रुपयांत मिळते. ते दुकानात असावे आणि जुनी काठी घेऊन आलेल्याला दाखवावे.

पादाभ्यंग बंद करावा, असे मी म्हणत नाही. पावलांचा खरखरीतपणा, ताठरता व सुप्तता जाऊन त्यांना बल व स्थैर्य येते, हे चरकांचे वचन मी अनुभवले आहे. परंतु त्या काळी जमीन सारवलेली होती, आज ती गुळगुळीत फरशीची आहे. आता माझ्या चिकित्सापत्रावर पादाभ्यंगाखाली एक ओळ असते: तेल अर्ध्या तासाने बेसन लावून कोरड्या फडक्याने पुसावे आणि मगच पाय जमिनीवर टेकवावा, रात्री दिवा लावून उठावे. हीच ओळ तेलाच्या बाटलीच्या वेष्टनावर ठळक छापावी, अशी सूचना आपल्या संघटनेने तेल उत्पादकांना लेखी करावी. तोपर्यंत रबरी शिक्का करून घेऊन प्रत्येक बाटलीवर तो उमटवणे कोणत्याही औषधालयास शक्य आहे. माझ्या शेजारच्या औषधालयाने गेल्या चैत्रापासून तसे सुरू केले आहे.